दप्तराची किल्ली

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आयुष्यभर ज्या एका सरकारी कागदाची वारंवार गरज पडते, तो कागद म्हणजे सातबाराचा उतारा. सोसायटीकडून पीककर्ज उचलायचे असो, अतिवृष्टीत वाहून गेलेल्या पिकाची भरपाई मागायची असो, एखाद्या नातलगाला जामीन राहायचे असो किंवा बांधावरून पेटलेला तंटा दिवाणी न्यायालयापर्यंत पोहोचलेला असो, समोरच्या माणसाचा पहिला प्रश्न उताऱ्याचाच असतो. जमीन कुणाच्या नावे आहे, तिचे क्षेत्र किती, भूधारणा कोणत्या प्रकारची आणि तिच्यावर कोणाचा बोजा आहे हे सांगणारा गाव नमुना सात, आणि त्या जमिनीत कोणत्या हंगामात कोणते पीक किती क्षेत्रावर उभे होते हे सांगणारा गाव नमुना बारा, असे दोन नमुने एकत्र येऊन हा उतारा सिद्ध होतो. आणि तो देण्याची किंवा न देण्याची सत्ता ज्याच्या हाती असेल त्याच्या दारात शेतकऱ्याला हात जोडून उभे राहावे लागते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. शासकीय सेवा संगणकावर आणल्याने लाचलुचपत कमी होते काय, हा प्रश्न आज साऱ्याच विकसनशील देशांपुढे आहे. परंतु त्याचे उत्तर योजनांच्या आणि घोषणांच्या भाषेत शोधण्यापेक्षा या एका कागदाचा प्रवास बारकाईने पाहिल्यास ते अधिक स्पष्टपणे हाती लागेल, असे मला वाटते.

या कागदामागची सत्ता फार जुनी आहे. पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलातही पुष्कळ ठिकाणी गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याकडे असे. ते बापाकडून मुलाकडे जाई, आणि ज्या गावात अक्षरओळख दोन-चार घरांपुरती मर्यादित होती त्या गावात दप्तरात काय लिहिले आहे हे पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन रयतेपाशी नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारी कचेऱ्यांतील साक्षर कामगारवर्ग निरक्षर शेतकऱ्याला कसा नाडतो याचे जे विदारक वर्णन केले आहे, त्याच्या मुळाशी हीच विषमता होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने नष्ट करून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले, तेव्हा या सत्तेच्या वंशपरंपरेवर पहिला मोठा घाव बसला. मुंबई राज्यात हीच गोष्ट घडण्यास १९५० चा कायदा यावा लागला. वतन गेले आणि पगारी नोकर आला, ही सुधारणा सामान्य नव्हती. तथापि दप्तर पूर्वीप्रमाणेच एका माणसाच्या कपाटात राहिले, आणि त्या कपाटाची किल्ली ज्याच्या खिशात असे त्याचे महत्त्वही तसेच राहिले. ‘भाऊसाहेब तालुक्याला मीटिंगला गेलेत, उद्या या’ हे उत्तर सजाच्या दारात ज्याला कधीच मिळाले नाही असा खातेदार विरळा; आणि चार वेळा हे उत्तर ऐकून, चार दिवसांची मजुरी बुडवून झाल्यावर, पाचव्या वेळी चहापाण्याचे पैसे पुढे करणाऱ्या माणसाला केवळ नीतीचा उपदेश करणे अन्यायाचे होईल.

रॉबर्ट क्लिटगार्ड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भ्रष्टाचाराचे एक सूत्र मांडले. मक्तेदारी अधिक स्वेच्छाधिकार, वजा उत्तरदायित्व, म्हणजे भ्रष्टाचार, असे त्याचे स्वरूप आहे. एखादी वस्तू एकाच माणसाकडून मिळणार असेल, ती द्यायची की नाही हे त्याच्या मर्जीवर असेल, आणि त्या मर्जीचा जाब विचारणारा कोणी नसेल, तर त्या जागी सज्जन माणूस बसवूनही व्यवस्था फार दिवस निर्मळ राहत नाही. उताऱ्याच्या बाबतीत ही तिन्ही अंगे पूर्णपणे विद्यमान होती. म्हणून संगणकाकडून आपण नेमकी कशाची अपेक्षा करावी, हे ठरवताना त्याने या तिहींपैकी काय काढून घेतले आणि काय जागच्या जागी ठेवले, हे निरनिराळे तपासावे लागते.

मक्तेदारी मोडण्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्या शेजारच्या कर्नाटकात झाला. तेथे सुमारे नऊ हजार ग्रामलेखनिकांच्या हाती जमिनीची हस्तलिखित दप्तरे होती. शतक पालटण्याच्या सुमारास राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ‘भूमी’ प्रकल्पाखाली सुमारे ६७ लाख खातेदारांच्या दोन कोटी नोंदी संगणकात आल्या, १७७ तालुक्यांत खिडक्या उघडल्या आणि हस्तलिखित नकला अवैध ठरवण्यात आल्या. पंधरा रुपये भरून कोणीही खातेदार काही मिनिटांत छापील नक्कल घेऊन जाऊ लागला. या खिडकीवरची एक व्यवस्था मला विशेष अर्थपूर्ण वाटते: कारकुनाच्या पडद्याबरोबर दुसरा एक पडदा शेतकऱ्याच्या दिशेला वळवून ठेवलेला असे, जेणेकरून आपल्या जमिनीच्या नोंदीत आत काय चालले आहे हे त्याला उभ्याउभ्या दिसावे. बंगळूरच्या पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने २००२ च्या सुमारास केलेल्या पाहणीत जुन्या पद्धतीने काम करवून घेणाऱ्यांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांनी लाच द्यावी लागल्याचे सांगितले, तर ‘भूमी’च्या खिडकीवर गेलेल्यांपैकी असे सांगणारे तीन टक्क्यांच्या आसपास होते. मनुष्यस्वभाव एवढ्या अल्पावधीत पालटत नाही. पालटली ती रचना, आणि रचना पालटताच त्याच माणसांचे वर्तनही पालटले.

महाराष्ट्राची वाटचाल अधिक संथ होती. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. तरीही राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारे खऱ्या अर्थाने संगणकावर येण्यास त्यानंतर तीन दशके लोटली. २०१८ च्या महाराष्ट्र दिनी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा सुरू झाला, आणि पुढे पंधरा रुपयांत, तलाठ्याच्या सहीशिक्क्यावाचून, कोणत्याही गावचा उतारा कोणत्याही ठिकाणी बसून काढता येऊ लागला. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली आणि नमुना बारामध्ये आपल्या शेतातील पिकाची नोंद स्वतः शेतकऱ्याने, स्वतःच्या मोबाइलवर, पिकाच्या छायाचित्रासह करावी अशी सोय झाली. जी नोंद तलाठ्याने बांधावर न येताच केली अशी तक्रार गावोगावी होती, ती नोंद करण्याचा अधिकार खातेदाराकडे यावा, ही महसुली इतिहासातील लहान घटना नव्हे.

परंतु या साऱ्या वाटचालीतील सर्वांत उद्बोधक पर्व यंत्राविषयीचे नसून माणसांविषयीचे आहे. हस्तलिखित नोंदी संगणकात उतरवताना असंख्य चुका शिरल्या होत्या. कुठे क्षेत्राचा आकडा बदलला, कुठे खातेदारांपैकी एका बहिणीचे नाव गळले, कुठे फिटलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिला. या चुका शोधाव्यात म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांना बोलावून, त्यांच्यासमोर प्रत्येक गटाचा उतारा मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि जे चुकले आहे ते जागच्या जागी टिपून घ्यायचे, अशी ही साधी पद्धत होती. ज्या दप्तरात डोकावण्याची रयतेला शतकानुशतके मुभा नव्हती, ते दप्तर चावडीवर उघडपणे वाचले जाते, आणि अक्षर न वाचता येणारा म्हातारा, ‘थांबा, त्या गटात माझ्या चुलत्याचंही नाव पाहिजे,’ असे म्हणून वाचणाऱ्याला अडवू शकतो, यात लोकशाहीचे जे दर्शन घडते ते कोणत्याही झगमगीत संकेतस्थळात घडत नाही. संगणकात भरलेली चुकीची नोंद ही कागदावरील चुकीपेक्षा अधिक घातक असते, कारण तिला अचूकतेचे तेज प्राप्त होते. आणि ती सुधारण्याचे सामर्थ्य शेवटी गावाच्या सामूहिक स्मृतीतच आहे, हे या मोहिमेने दाखवून दिले.

येथवर जे झाले त्याने उताऱ्याची नक्कल मुक्त झाली. आता प्रश्न निर्णयाचा आहे, आणि तो अधिक बिकट आहे. नक्कल म्हणजे जे ठरले आहे त्याची प्रत. ती यंत्र देऊ शकते. पण जमिनीची मालकी बदलते तेव्हा नवे काही ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याची जागा म्हणजे गाव नमुना सहा, अर्थात फेरफाराची नोंदवही. पती वारल्यानंतर वारसनोंदीसाठी आलेल्या बाईचे उदाहरण घ्या. तिने अर्ज करायचा, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडायचे; तलाठ्याने नोंद धरायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, चावडीवर ती लावायची; हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची किंवा कारण लिहून रद्द करायची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५० मध्ये ही कार्यपद्धती सांगितलेली आहे आणि ती पुष्कळ विचारपूर्वक रचलेली आहे. ई-फेरफार प्रणालीत ही प्रत्येक पायरी संगणकावर नोंदली जाते, दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची सूचना आपोआप महसुली कचेरीत पोहोचते, आणि फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तरीसुद्धा कागद अपुरे आहेत की पुरेसे, आलेली हरकत गंभीर आहे की फुसकी, प्रकरण याच आठवड्यात घ्यायचे की पुढच्या महिन्यात, हे ठरवणारा माणूसच आहे. आणि दिराची हरकत दप्तरी पडून असताना त्या बाईला जे हेलपाटे घालावे लागतात, त्यांची संख्या कोणत्याही संगणकात नोंदली जात नाही.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने लावलेल्या सापळ्यांच्या वार्षिक हिशेबात महसूल आणि पोलीस ही दोन खाती अजूनही अग्रस्थानी दिसतात, त्याचा उलगडा येथे होतो. उताऱ्याच्या नकलेसाठीची चिरीमिरी पुष्कळ अंशी ओसरली, पण नोंद धरण्यासाठी, नोंद मंजूर करण्यासाठी मागितली जाणारी रक्कम राहिली. गावोगाव ज्याला ‘झिरो तलाठी’ म्हणतात तो खाजगी मदतनीस, ज्याला सरकारी हुद्दा नाही, पगार नाही आणि जबाबदारीही नाही, तोही राहिला. आणि आपल्या डिजिटल स्वाक्षरीचे साधन जर अधिकाऱ्याने अशा माणसाच्या हाती सोपवले, तर दप्तराची किल्ली कपाटातून निघून अधिक अंधाऱ्या जागी गेली असेच म्हणावे लागेल. पाण्याला एका ठिकाणी बांध घातला की ते उताराची दुसरी वाट शोधते, तसे लाचेचेही आहे. ‘भूमी’ प्रकल्पाविषयी काही अभ्यासकांनी २००७ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. गावपातळीवरची सत्ता तालुक्याला एकवटल्यामुळे लाचेचा व्यवहारही वरच्या पातळीवर सरकला, आणि बंगळूरच्या परिसरात मोठमोठ्या जमिनी घेऊ पाहणाऱ्यांना गावाला वळसा घालून नोंदी धुंडाळणे सोपे झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. गावच्या माणसाला जी माहिती कळावी म्हणून यंत्रणा उभारली, तिचा लाभ साधनसंपन्न माणसाने आधी उचलावा, हा धोका प्रत्येक विकसनशील देशाने ध्यानी धरला पाहिजे.

मग निर्णयावरचा अंकुश कसा ठेवायचा? दक्षिण कोरियातील सेऊल नगरीचे महापौर गोह कुन यांनी १९९९ मध्ये एक व्यवस्था सुरू केली. ज्या परवान्यांच्या आणि मंजुरींच्या कामांत लाचेचा संभव अधिक, त्या कामांतील प्रत्येक अर्ज आज कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर आहे, तो कधी आला आणि त्याचे पुढे काय होणार, हे नागरिकाला घरबसल्या इंटरनेटवर दिसू लागले. अधिकाऱ्याचा निर्णयाचा अधिकार अबाधित राहिला. विलंबाला मात्र नाव आणि तारीख चिकटली. ‘भूमी’मध्येही फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकाली काढण्याचे बंधन होते; कोणाचे काम आधी करायचे ही निवडच अधिकाऱ्याकडे उरली नाही. लाचेच्या पुष्कळ रकमा अन्याय्य निर्णयासाठी दिल्या जात नाहीत, न्याय्य निर्णय वेळेवर मिळावा म्हणून दिल्या जातात. आणि म्हणून अर्जांचा क्रम मोडण्याची सत्ता काढून घेणे हा लाचेवरचा फार मोठा उपाय आहे.

तथापि यंत्र कोणाच्या बाजूने उभे केले आहे, हा प्रश्न याहूनही मूलभूत होय. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बोटांच्या ठशांवर आधारलेल्या स्मार्टकार्डाद्वारे देण्याच्या योजनेचा सुमारे एक कोटी नव्वद लाख लोकसंख्येच्या प्रदेशात अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार मजुरी लवकर मिळू लागली, आणि गळती सुमारे ४१ टक्क्यांनी घटली. पुढे याच संशोधकांनी झारखंडमधील स्वस्त धान्याच्या दुकानांवर आधारच्या ठशाची सक्ती झाली तेव्हा काय घडले हे तपासले, आणि तेथे चित्र निराळे दिसले: गळती आरंभी घटली नाही, मात्र ज्यांचे आधार जोडलेले नव्हते अशा खऱ्याखुऱ्या लाभार्थ्यांपैकी काहींच्या ताटातले धान्य गेले. साधन दोन्हीकडे तेच होते. आंध्रात ठसा जुळला नाही तरी मजुरी देण्याची मुभा होती आणि मजुराला गावातच पैसे मिळावेत हा हेतू होता. झारखंडात सरकारचा खर्च वाचावा या हेतूला अग्रक्रम होता. कुदळफावडे धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांनाच ठशाच्या यंत्राने नाकारावे आणि त्या नकाराविरुद्ध दाद मागायला समोर माणूसही नसावा, ही स्थिती जुन्या कारकुनी जुलुमाहून सौम्य म्हणता येणार नाही. कारकुनाच्या विनवण्या तरी करता येत होत्या.

सेवेला विलंब झाल्यास वा ती नाकारल्यास दाद मागण्याचा कायदेशीर उपाय आपल्या राज्यात उपलब्ध आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवा नियत मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. मुदत टळल्यास पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी सेवा हक्क आयोग अशी दाद मागण्याची श्रेणी घालून दिली. आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. परंतु अपील करण्यासाठी आधी अर्जाची पोच हातात असावी लागते, आणि अर्ज तोंडीच परत पाठवला गेला तर पोच कुठून येणार? महा ई-सेवा केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ या शासकीय संकेतस्थळावरून केलेल्या अर्जाला क्रमांक आणि तारीख मिळते, यातच त्याचे खरे मोल आहे. काम जलद होणे हा त्याचा दुय्यम गुण. काम झाले नाही याचा पुरावा निर्माण होणे हा प्रमुख गुण. तो पुरावा वाचता येण्याइतके शिक्षण, केंद्रापर्यंत जाण्याचे भाडे आणि सांगितलेल्या शुल्काहून अधिक पैसे मागितल्यास नाही म्हणण्याचे धैर्य ज्यांच्यापाशी नाही, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने, शाळेने, बचतगटाने पुढे यावयास हवे; अन्यथा जुन्या दलालाच्या जागी संगणक चालवणारा नवा दलाल येईल, आणि शेतकरी मात्र होता तेथेच राहील.

डिजिटल सेवा भ्रष्टाचार नष्ट करते, हा दावा जितका भाबडा, तितकाच तिने काहीच साधत नाही हा निराशेचा सूरही चुकीचा आहे. जेथे केवळ प्रत द्यायची होती तेथे तिने लाचेची मुळे उपटली. जेथे क्रम पाळायचा होता तेथे ती क्रम पाळायला लावू शकते. जेथे माणसाने विवेकाने निर्णय घ्यायचा आहे तेथे ती त्या निर्णयावर उजेड टाकू शकते, पण उजेडात दिसलेल्या अन्यायाविरुद्ध उठण्याचे काम नागरिकांनाच करावे लागते. म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. २०१७ मध्ये झालेले चावडी वाचन दरवर्षी व्हावे, आणि त्यात उताऱ्यांबरोबर फेरफारांचाही हिशेब वाचला जावा: वर्षभरात किती नोंदी आल्या, किती मंजूर झाल्या, किती रद्द झाल्या आणि कोणत्या कारणाने, मुदत उलटून गेलेल्या किती आहेत आणि त्या आज कोणाच्या टेबलावर आहेत. ही सारी माहिती संगणकात आधीच भरलेली आहे. तिच्यासाठी नवा खर्च नको, नवा विभाग नको, नवे यंत्रही नको. राज्यातील सुमारे ४४ हजार महसुली गावांपैकी प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव करून ती मागावी, आणि शासनाने ती देण्याचा हुकूम काढावा. आपल्या दप्तराचा जाब विचारण्याची सवय ज्या गावाला लागेल, त्या गावात लाच मागणाऱ्याला चारचौघांत उत्तर द्यावे लागेल. आणि ते उत्तर द्यावे लागणे हाच भ्रष्टाचारावरचा सर्वांत टिकाऊ इलाज आहे.